ताईला विकलेला मासा

११ जानेवारी

उद्या निघायचं आहे. बॅग तीन वेळा भरली आणि तीन वेळा उपसली. शिक्षकभरतीच्या परीक्षेचं पुस्तक न्यायचं की नाही हेच ठरत नव्हतं. लेखी झाली, मुलांसमोर पाठ घेऊन दाखवायचा होता तो झाला, मुलाखत झाली. आता अठ्ठावीस तारखेला निकाल. पुस्तकाचा काही उपयोग नाही, तरी एक घेतलंच. नाही घेतलं आणि नापास झाले, तर जन्मभर वाटत राहील की सुट्टीला गेले म्हणून झालं.

खरं सांगायचं तर मला या सुट्टीचीच धास्ती वाटते आहे. ताईने आयुष्यात कधी सुट्टी घेतलेली नाही. आई गेली तेव्हाही चौथ्या दिवशी ती शिवणकारखान्यात मशीनवर बसलेली होती. आणि परवा अचानक फोन करून म्हणते, "तिघं मिळून समुद्र बघायला जाऊ या. थोंगयंगला. पाच दिवस." दादा लगेच हो म्हणाला. दादा बॉयलर दुरुस्त करतो. आमच्या थेबेकच्या डोंगरात जानेवारीत रोज कुणाचा ना कुणाचा बॉयलर गोठतो, आणि हा पाच दिवस दुकानाला कुलूप लावतो आहे.

मी विचारलं, "काही झालंय का?"

दोघंही एका सुरात म्हणाले, "काही नाही." ते दोघं आजवर कधीच कशावर एका सुरात बोललेले नाहीत.

१२ जानेवारी

पोचलो. वाटेत देगूला थांबून ताईला घेतलं. भावोजी तिची बॅग स्वतः गाडीपर्यंत घेऊन आले, सीटवर दोन उशा ठेवल्या आणि दादाला बाजूला नेऊन काहीतरी सांगत राहिले. मला फक्त शेवटचं ऐकू आलं, "आणि खड्डे बघून." दादाने मान डोलावली. एरवी दादाला कुणी गाडी कशी चालवायची सांगितलं तर तो किल्ली त्याच्या हातात देतो.

आज तो इतक्या हळू चालवत होता की मागचे ट्रक भोंगे वाजवून दमले.

मी म्हटलं, "दादा, ती सायकलवाली आजी आपल्यापुढे गेली."

"जाऊ दे. म्हातारीला घाई असते. तिच्याकडे दिवस कमी."

ताई मागून म्हणाली, "ग्युतेक, जिभेला हाड नाही तुझ्या." पण ती हसत होती.

बंदरामागच्या चढावर एका मालकीणबाईंच्या घरात खोली घेतली आहे. जमीन खालून तापवलेली, भट्टीच्या बाजूला तर बसवत नाही इतकी गरम. ती जागा ताईसाठी ठेवली. लहानपणी त्या कोपऱ्यासाठी ती आम्हा दोघांना लाथा मारायची. आज म्हणाली, "मला खिडकीजवळचं अंथरूण दे. थंडच बरं वाटतं."

संध्याकाळी मी म्हटलं, "ताई, खाली सार्वजनिक स्नानगृह आहे. चल, गरम हौदात बसू आणि तुझी पाठ चोळून देते. चार महिन्यांचा मळ असेल."

"नको गं. तू जा."

"अगं, एकटीने पाठ कशी चोळायची?"

"नको म्हटलं ना, बोराम."

मी एकटी गेले. शेजारच्या स्टुलावरच्या अनोळखी काकूंनी न विचारता माझी पाठ चोळून दिली, मी त्यांची. अर्धा वेळ मी आईचा विचार करत होते. शेवटच्या वर्षी आईने आमच्याबरोबर स्नानगृहात येणं बंद केलं होतं. कधी सर्दी झाली म्हणे, कधी कंटाळा. तिच्या अंगावर काय होतं ते आम्हाला दवाखान्यात कळलं, तेव्हा डॉक्टरांकडे सांगण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. घरात कॉलेजात गेलेली मी एकटी, आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं.

ताई आता अडतीस वर्षांची आहे. आई गेली तेव्हा सत्तेचाळीसची होती.

१३ जानेवारी

दिवसभर हिंडलो. हे शहर म्हणजे सगळं चढ आणि उतार. रंगवलेल्या भिंतींच्या टेकडीवर गेलो. ताई वीस पावलं चालायची आणि भिंतीवरचं चित्र बघायला थांबायची. एका भिंतीवर तर नुसता निळा रंग होता, चित्र नव्हतंच. तिथेही ती थांबली. दादा म्हणाला, "हं, छान समुद्र काढलाय," आणि तोही तिच्यासाठी थांबला.

जेवायला बाजारात कालवं. इथली कालवं खायला लोक लांबलांबून येतात आणि महिनाही हाच. ताटात बर्फावर मांडलेली, तळव्याएवढी. ताईला कालवं किती आवडतात! मागे एकदा तिने पैज लावून साठ खाल्ली होती. आज तिने एकही उचललं नाही. मी काही बोलायच्या आत दादाने तिचं ताट आपल्याकडे ओढलं, "दे इकडे. मला पुरत नाहीत." तिच्यासाठी त्याने न विचारता गरम खिमट मागवलं.

मग बाजारातून येताना एक गोष्ट झाली. मोज्यांच्या गाडीवर अगदी छोटे, अंगठ्याएवढे पायमोजे टांगले होते. ताईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. तीन वर्षांपूर्वी, तिला दिवस राहिल्याचं कळलं त्याच दिवशी मी तसले मोजे घेतले होते. मावशीला सांगितलं, शेजारी सांगितलं, वर्गातल्या मुलींनासुद्धा सांगितलं. दहाव्या आठवड्यात सगळं संपलं. त्याआधी एकदा असंच झालं होतं. ताई मला कधी एका शब्दाने बोलली नाही. नंतर एकदा म्हणाली, "आता तो विषय संपला. मी आणि तुझे भावोजी दोघंच बरे." त्यानंतर घरात कुणी तो विषय काढलेला नाही. मी ते मोजे अजून टाकलेले नाहीत. टाकायला हात होत नाही आणि ठेवायला लाज वाटते.

रात्री आठला ताई हात धुवायला म्हणून उठली आणि बराच वेळ आली नाही. दार अर्धं उघडं होतं. तिने स्वेटर वर केला होता आणि पोटात सुई टोचून घेत होती. स्वतःच. सराईतपणे. पोटावर निळे-पिवळे डाग होते, एक नाही, दहा-बारा. मी पाय न वाजवता मागे आले आणि अंथरुणात जाऊन तोंडावर पांघरूण घेतलं.

आता मला सगळं कळलं आहे. सुट्टी, उशा, भावोजी, खड्डे, थंड अंथरूण. त्यांनी मला माझ्या परीक्षेमुळे सांगितलं नाही. निकालापर्यंत थांबायचं ठरवलं असेल.

आईच्या वेळी मी दोन महिने हात चोळत बसले होते. या वेळी काय करायचं असतं?

१४ जानेवारी, सकाळी सहा

स्वप्न पडलं. विसरण्याआधी लिहिते.

आमच्या घरामागचा ओढा गोठलेला. मी बर्फावर उभी होते. खालून काहीतरी सोनेरी फिरताना दिसत होतं. मग बर्फ तडकला आणि माझ्या हाताएवढा लांब सोनेरी मासा पाण्यातून उडाला, उंच, पार त्या छोट्या धबधब्याच्या वरपर्यंत, आणि तिथून थेट माझ्या ओटीत पडला. मी स्वेटरच्या ओच्यात त्याला गुंडाळलं. मासा गार असायला हवा, पण हा ऊबदार होता. छातीशी धरला तर त्याचं धडधडणं मला जाणवत होतं. ओढ्यापासून घरापर्यंत मी त्याला सांभाळत चालले, घसरू नये म्हणून एकेक पाऊल टाकत, आणि घराचं दार आलं तेव्हा जाग आली.

धबधबा चढून जाणाऱ्या माशाचा ड्रॅगन होतो. शाळेत हे सगळ्यांना शिकवतात. परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्याचं स्वप्न ते हेच. परीक्षेला बसलेली कितीतरी मुलं अशा स्वप्नासाठी उशीखाली माशाचं चित्र ठेवतात. मला न ठेवता पडलं.

ताई शेजारी झोपली आहे. अशा वेळी मला स्वतःचं स्वप्न पडावं याची लाज वाटते. पण आनंदही झाला आहे. दोन्ही लिहिते.

१४ जानेवारी, रात्र

लाज आता दुप्पट झाली आहे.

नाश्त्याला मी एवढंच म्हटलं, "आज मला एक स्वप्न पडलं."

दादा म्हणाला, "डुक्कर होतं का? डुक्कर असेल तर मी घेतो. लॉटरीचं तिकीट काढू."

"डुक्कर नव्हतं."

"मग घाण? घाणीत पडलीस का? तेही पैशाचंच असतं. सांग ना, किती खोल पडलीस?"

"गप्प बस," ताई म्हणाली. तिने हातातला चमचा खाली ठेवला होता. "बोराम, काही सांगू नकोस. एक शब्दही नाही. चांगलं होतं ना?"

"तुला कसं कळलं?"

"उठल्यापासून मुठी मिटून बसली आहेस. मला विक ते."

मला वाटलं चेष्टा करते आहे. आमच्याकडे स्वप्न विकतात, पण ते असंच, हसत हसत. मामाने मामीकडून गाढवाचं स्वप्न विकत घेतलं होतं आणि वर्षभर त्यावरून त्यांची भांडणं चालली होती. पण ताई हसत नव्हती. टेबलावर हात ठेवून, दुकानात उभी राहावी तशी माझ्याकडे बघत होती.

"तुला कशाला हवंय?"

"हवंय."

"कशाचं आहे हे तरी…"

"नको सांगूस म्हटलं ना. आधी विकायचं, मग सांगायचं. तू माग ते देते."

आणि मी म्हणाले, "निकालानंतर विकते."

ती थोडी हसली. "तोवर शिळं होईल गं." मग चमचा उचलून म्हणाली, "बरं. राहू दे. तुझंच आहे."

त्यानंतर दिवसभर ती माझ्याशी नेहमीपेक्षा जास्त गोड वागली. मला ते सहन होत नव्हतं. बंदरावर तिने मला गोड पाव घेऊन दिला, माझी टोपी नीट केली. दादा मात्र माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

मी का नाही म्हटलं ते खरंखरं लिहायचं तर असं. चार वर्षांत परीक्षेला बसण्याची ही माझी तिसरी वेळ. मी पास झाले तर ते माझं एकटीचं पास होणं नाही. ताई सतरा वर्षांची असल्यापासून मशीनवर आहे, दादाने बारावी अर्धी सोडली. तिघांच्या वाटणीचं शिक्षण मी एकटीने घेतलं आहे. मग त्या तिघांच्या मालकीचं नशीब मी नाश्त्याच्या टेबलावर विकून कसं टाकायचं? असं मी मनात म्हटलं, आणि ते ऐकायला फार शहाणं वाटलं. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी होतं. मला ते हवं होतं. मला एकटीला. ताईला कदाचित जगण्यासाठी हवं असेल आणि तरी मी नाही म्हटलं.

आणखी एक. स्वप्न विकायच्या आधी कुणाला सांगितलं तर त्यात राम राहत नाही म्हणतात. लिहिलं म्हणजे सांगितलं का?

१५ जानेवारी

तारेवरच्या पाळण्याने डोंगरावर गेलो. म्हणजे मी आणि दादा. ताई खालीच थांबली, म्हणाली, "डोकं गरगरतं." वर वारा इतका होता की बोलताना तोंडात बर्फ जातोय असं वाटत होतं. खाली बेटं पसरलेली, कुणी मूठभर हरभरे फेकावेत तशी. बघायला आलेले सगळे फोटो काढत होते. आम्ही भांडत होतो.

"विकून टाक ना तिला," दादा म्हणाला. "कधी काही मागितलंय तिने तुझ्याकडे? आजवर एक तरी गोष्ट?"

"ते माझ्या परीक्षेचं स्वप्न आहे, दादा."

"परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा येते."

मग माझ्याच्याने राहवलं नाही. मी रडत रडत म्हटलं, "मला माहीत आहे सगळं. मी सुया बघितल्या. तिला आईसारखंच झालंय ना? किती दिवस आहेत? मला खरं सांग, मी सहन करीन."

दादाचं तोंड उघडंच राहिलं. मग तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते वाऱ्याने आलं असं तो म्हणाला. "अगं वेडाबाई. एवढं शिकलीस, आणि… आजारी? ती? तिने काल मला पिठाच्या पोत्यासारखं बाजूला ढकललं खिडकीतून बोट बघायला."

"मग सुया कसल्या?"

"मी शब्द दिलाय. मला विचारू नकोस." तो नाक पुसत राहिला. "पण एवढं सांगतो. मरायला टेकलेलं माणूस स्वप्न विकत घेत नाही, बोराम. त्याने कुठे ठेवायचं ते?"

येताना पाळण्यात डोक्यात काहीतरी जुळत होतं आणि मी ते जुळू देत नव्हते.

खोलीवर आलो तर ताई झोपली होती. स्वयंपाकघरात मालकीणबाई कालवं सोलत होत्या. त्यांनी एक कच्चं कालव सुरीच्या टोकावर माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "तू खा. तुझ्या बहिणीसाठी मी भातात घालून शिजवते आहे. असल्या दिवसांत कच्चं पोटात जाऊ नये."

"कसल्या दिवसांत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आज कुठला वार आहे असं विचारलं. "मी चार बाळंतपणं काढलीत, पोरी. आल्या दिवशी ती उंबरा कसा ओलांडत होती ते बघितलं मी. अजून नक्की नसेल. पण ती तसं धरूनच चालली आहे." मग सुरी खाली ठेवून म्हणाल्या, "तुला सांगितलं नाही का? मग मीही नाही सांगितलं."

कालव तोंडात तसंच होतं. मी ते कधी गिळलं ते आठवत नाही.

१५ जानेवारी, रात्री उशिरा

म्हणजे डॉक्टरांनी गर्भ बाहेर तयार करून आत ठेवला असणार, सुया त्याच्याच. माझ्या मैत्रिणीच्या वहिनीचं असंच झालं होतं. ठेवल्यापासून रक्त तपासेपर्यंत दहा-बारा दिवस नुसती वाट बघायची. घरी बसून दिवस मोजायला नकोत म्हणून ताई इथे आली आहे. मला सांगितलं नाही, कारण मागच्या वेळी मी सगळ्या गावाला सांगितलं होतं.

माशाबद्दल मी आता नव्याने विचार करते आहे. धबधबा चढून तो ड्रॅगन होतो, बरोबर. पण चढून तो वरच राहिला नाही. ओटीत आला. ऊबदार होता. घरी न्यायचा होता.

आई सांगायची, मूल येणार असलं की घरात त्याचं स्वप्न पडतं. दादाच्या वेळचं ते तिला नाही, आमच्या आत्याला पडलं होतं. भोपळा. ज्याचं असतं त्यालाच पडतं असं नाही, घरातल्या कुणालाही पडतं. हे मला ठाऊक होतं आणि तरी मला वाटलं की मासा माझा.

पण ते खात्रीने तरी कसं म्हणायचं? कदाचित तो खरंच परीक्षेचाच असेल. तसं असेल तर विकल्यावर मी नापास होणार, आणि तिला परीक्षेच्या माशाचा काही उपयोग नाही. दोघींचं नुकसान. मी अकरा वाजेपर्यंत हा हिशोब करत होते. मग लक्षात आलं की ताईने असा हिशोब माझ्यासाठी एकदाही केलेला नाही.

१६ जानेवारी

समुद्राखालच्या बोगद्यात गेलो. इथे पलीकडच्या बेटावर पायी जाता येतं, डोक्यावर समुद्र. फार जुना बोगदा आहे, काही सजावट नाही, ओल आणि दिवे. दादा पुढे निघून गेला, मुद्दाम असेल, आवाज घुमतो का बघायला ओरडत. मध्यावर आम्ही दोघीच होतो.

मी म्हटलं, "ताई, स्वप्न विकायचं आहे."

ती थांबली. "निकालानंतर म्हणाली होतीस ना?"

"आता विकायचं आहे. पण आधी सांगते, मालात दोष असू शकतो. मी ते लिहून ठेवलं आहे."

"कुणी वाचलं?"

"कुणी नाही. मीच."

"मग ठीक आहे. तू स्वतःलाच सांगितलंस. ते चालतं." मग म्हणाली, "बोराम, तुझी परीक्षा…"

"घ्यायचं आहे की नाही? गिऱ्हाईकाने दुकानदाराची काळजी करायची नसते."

"काय देऊ?"

मी आधीच ठरवलं होतं. फुकट दिलं तर स्वप्न जात नाही, आणि नावाला काहीतरी दिलं तर ते नावालाच जातं. जी हातातून गेली की तिला जाणवेल अशी वस्तू हवी होती. "तुझे हातमोजे." आत लोकर असलेले ते हातमोजे भावोजींनी तिला नुकतेच घेऊन दिले आहेत. ते हातात घालून झोपते ती.

तिने लगेच काढून दिले. मी घातले. तिने कोटाची बटणं सोडली, दोन्ही पदर हातांत धरून ओचा पसरला आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिची बोटं थंडीने लाल झाली होती.

मी सांगितलं. ओढा, बर्फ, उडी, ओटी, ऊब. धडधडणं सांगितलं तेव्हा तिचे ओठ हलायला लागले. घराचं दार सांगितलं आणि म्हटलं, "एवढंच. तुझा झाला." तिने ओचा मिटला, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि तशीच उभी राहिली. डोक्यावरून कुठलीतरी बोट चालली असणार. ऐकू येत नव्हती.

तिने मला काही सांगितलं नाही. मी काही विचारलं नाही. फक्त चालायला लागल्यावर म्हणाली, "मासा किती मोठा?"

"हाताएवढा."

"तुझ्या की माझ्या?"

"माझ्या. पण तुझ्याकडे वाढेल."

पलीकडच्या तोंडाशी दादा कुडकुडत उभा होता. माझ्या हातांकडे बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं, आणि स्वतःचे मळके, तेलाचे हातमोजे काढून तिला घातले. "बॉयलरचा वास येतोय," ती म्हणाली. "येऊ दे. ऊब बॉयलरचीच असते," तो म्हणाला.

मी दिवसभर हातमोजे काढले नाहीत. जेवतानासुद्धा डावा होता. किंमत वापरली नाही तर सौदा कच्चा राहील असं वाटत होतं.

१७ जानेवारी

देगूला ताईला सोडलं. भावोजी रस्त्यावरच उभे होते, कधीपासून कोण जाणे, कान लाल झाले होते. उद्या रक्त द्यायचं आहे हे मला दादाने थेबेकच्या घाटात सांगितलं. म्हणाला, "आता तुला कळलंच आहे तर." मी म्हटलं, "मला काही कळलेलं नाही." तो म्हणाला, "शाब्बास."

१८ जानेवारी

रक्ततपासणीचा आकडा आला आहे. दिवस आहेत म्हणतात. पण परवा तो आकडा दुप्पट व्हायला हवा, नाहीतर काही खरं नाही. ताईने फोन केला नाही. दादाने सांगितलं. मावशी दुपारी घरी आली होती, "थोंगयंगला काय काय केलंत?" मी म्हटलं, "कालवं खाल्ली." आणखी काही विचारायच्या आत मी तिला चहा दिला, मग संत्री दिली, मग पुन्हा चहा दिला.

२० जानेवारी

दुप्पट. थोडा वरच.

२८ जानेवारी

दहा वाजता यादी लागली. माझा नंबर नव्हता. वर-खाली चार वेळा बघितलं, मग दादाने बघितलं, मग मी त्याच्या हातातून घेऊन पुन्हा बघितलं. गुणही कळले. शेवटच्या जागेपासून एक गुणसुद्धा दूर नव्हते. एकाहून कमी.

आता जे लिहिणार आहे ते लिहायला लाज वाटते, पण इथे खोटं लिहायचं नाही असं ठरवलेलं आहे. रडू यायच्या आधी मला हायसं वाटलं. मनात पहिला विचार आला तो असा: म्हणजे ते खरंच गेलं. माझ्याकडे काही शिल्लक राहिलं नाही. सगळं जिथे द्यायचं तिथे पोचलं. मुलांना विज्ञान शिकवायला निघालेल्या बाईला हा विचार शोभत नाही. परीक्षकांना तो कळला असता तर आणखी गुण कापले असते. पण आला.

मग रडलेही. दादाने मटण आणलं आणि स्वतःच करपवलं.

ताईचा फोन दुपारी आला. बराच वेळ ती नुसतं "हॅलो, हॅलो" करत होती, ऐकू येत असूनसुद्धा.

मी म्हटलं, "नाही झालं, ताई."

मग ती अगदी लहान आवाजात म्हणाली, "परत घेतेस का? मी देते. आत्ता देते."

"विकलेला माल परत घेतला जात नाही. पाटी वाचली नाहीस का?"

"बोराम."

"हातमोजेही मिळणार नाहीत. मी वापरलेत."

तिला हसू आलं आणि रडूही, दोन्ही एकदम, नाकातून. मी फोन कानाशी धरून ते ऐकत राहिले. मग ती म्हणाली, "उद्या अकराला दवाखान्यात जायचंय. ठोके ऐकू येतात का ते बघायला. मागच्या दोन्ही वेळीही या दिवसापर्यंत आलो होतो, पण…" ती थांबली. "तुझे भावोजी असतील. पण तू येशील का?"

तिने मला सांगितलं. तिने स्वतः, तिच्या तोंडाने.

मी म्हटलं, "येते." बाकी काही म्हटलं असतं तर चुकीचं काहीतरी बोलून गेले असते.

देगूची पहिली बस सहा वाजून दहाला आहे. दोन घड्याळांना गजर लावला आहे. तिसरा गजर दादा.